भेट करमुक्त, पण पुढच्या व्याजाचे काय?

या वेळी आलेल्या प्रश्नांत भेटीचे प्रश्न सर्वाधिक आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवले. आधी एक गैरसमज दूर करू. १९५८ चा भेट कर कायदा १ ऑक्टोबर १९९८ नंतरच्या भेटींना लागू नाही. आता देणाऱ्याला कर नाही. प्रश्न येतो तो घेणाऱ्याच्या प्राप्तिकराचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, तरी भेटींविषयीचे खाली दिलेले मूळ नियम तेच आहेत.

प्रश्न : मी पत्नीला १० लाख रुपये भेट दिले आणि तिने त्यांची मुदतठेव केली. तिला दुसरे उत्पन्न नाही. बँकेने टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापला जाणारा कर, कापला आहे. तिचे विवरणपत्र भरून परतावा मागू का?

मागू नका. पत्नीला दिलेली रक्कम करमुक्त आहे, पण त्या रकमेवरचे उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात मिळवायचे असते. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच, कारण पहिले वाक्य सगळ्यांना पाठ असते आणि दुसरे कोणी सांगत नाही.

समजा व्याजदर ७ टक्के आहे. वर्षाचे व्याज ७०,००० रुपये आणि १० टक्के दराने टीडीएस ७,००० रुपये, तोही पत्नीच्या पॅनवर. व्याज तिने दाखवले आणि ७,००० परत घेतले की तुमच्या उत्पन्नातून ७०,००० गळतात. पत्नीचे वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि तुमच्या खात्यातून गेलेले १० लाख प्राप्तिकर खात्याने शेजारी ठेवले की धागा लगेच जुळतो.

योग्य रीत अशी. व्याजाचे ७०,००० तुमच्या विवरणपत्रात, पत्नी व मुलांचे उत्पन्न मिळवण्याच्या तक्त्यात तिच्या पॅनसह दाखवा. टीडीएसच्या तक्त्यात ‘दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवर कापलेला कर’ हा पर्याय निवडून ७,००० चे क्रेडिट घ्या, म्हणजे ते तुमच्या करातून वजा होतील. त्यासाठी ‘सहज’ म्हणजे आयटीआर १ चालत नाही. आयटीआर २ भरा, धंदा असेल तर ३. पुढच्या वर्षासाठी पत्नीने बँकेला लेखी कळवावे की हे उत्पन्न पतीच्या नावे करपात्र आहे, म्हणजे टीडीएस तुमच्या पॅनवर येईल.

आता यातली मोकळी वाट. व्याजावरचे व्याज तुमच्या उत्पन्नात येत नाही. त्या ७०,००० ची पत्नीने वेगळी ठेव केली तर तिच्यावरचे ४,९०० रुपये तिचेच. मात्र ते वेगळे दाखवता आले पाहिजेत. संचयी ठेवीत मुद्दल आणि व्याज एकत्र शिजते आणि चार वर्षांनी हिशेब मांडणे जिकिरीचे होते. म्हणून मूळ ठेव तिमाही व्याज देणारी घ्या (इथे दर तिमाहीला १७,५०० रुपये) आणि ते व्याज ज्यात दुसरे काहीच जमा होत नाही अशा खात्यात वळवा.

सुनेला दिलेल्या रकमेलाही हाच नियम आहे. सज्ञान मुलगा, मुलगी किंवा आई-वडील यांना दिलेल्या पैशांवरचे उत्पन्न मात्र त्यांचेच राहते. घरातला पैसा वाटायचाच असेल तर आमच्या मते आधी आई-वडिलांकडे पाहावे.

प्रश्न : दुकान सुरू करताना मामांनी २ लाख, मावसभावाने ४०,००० आणि मित्राने १५,००० रुपये भेट दिले. प्रत्येकी ५०,००० पर्यंत माफ ना?

‘प्रत्येकी’ नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात आलेली एकूण रक्कम पाहिली जाते. मामांचे २ लाख बाजूला काढा, ते करमुक्त आहेत. मावसभाऊ आपल्याला कितीही सख्खा वाटला तरी कायद्याच्या यादीत चुलत, मामे, मावस, आते भावंडे नाहीत. म्हणजे ४०,००० अधिक १५,००० असे ५५,००० झाले. मर्यादा ओलांडली की वरचे ५,००० नव्हे, पूर्ण ५५,००० ‘इतर उत्पन्ना’त करपात्र होतात. मित्राने ५,००० पुढच्या आर्थिक वर्षात दिले असते तर करच लागला नसता.

नाते नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने मोजतात. मामाने भाच्याला दिले तर करमुक्त. उद्या भाच्याने मामाला दिले तर भाचा मामाच्या यादीत बसत नाही! दुकान चालू लागल्यावर मामांचे उपकार फेडताना हे लक्षात असू द्या.

आता मागच्या तारखेचा कर्जाचा कागद करू नका. खरोखर कर्ज असेल तर ते सुरुवातीलाच तसे लिहावे. २०,००० किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेताही येत नाही.

प्रश्न : मुलीच्या लग्नात आलेला रोख आहेर माझ्या खात्यात भरला. काही अडचण?

लग्नातली भेट करमुक्त आहे ती वधू-वरांना. त्यांच्या आई-वडिलांना मिळालेल्या भेटीला ही सवलत नाही. त्यामुळे आहेराची रक्कम मुलीच्या किंवा जावयाच्या खात्यात जमा व्हायला हवी होती. आता बँकेतून ती मुलीकडे वळती करा आणि आहेराची वही जपून ठेवा. ‘११०१, गावचे काका’ एवढ्या नोंदीवर भागत नाही. पूर्ण नाव आणि गाव हवे. बचत खात्यांत वर्षभरात १० लाख किंवा अधिक रोख भरली की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते आणि तेव्हा ही वहीच कामी येते.

एकाच व्यक्तीकडून एका प्रसंगी २ लाख किंवा अधिक रोख घेऊ नका, वडिलांकडूनही नाही. भेट करमुक्त असली तरी घेतली तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो.

प्रश्न : माझ्या दुकानाने विक्रीचे लक्ष्य गाठल्याबद्दल कंपनीने मला ६०,००० ची सहल दिली. भेटच ना ती?

नाही, तो धंद्याचा लाभ आहे आणि तो धंद्याच्या उत्पन्नात धरायचा. वर्षाला २०,००० च्या वर असा लाभ दिला की कंपनीला १० टक्के टीडीएस भरावा लागतो, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंद झालेली असणार. विवरणपत्र भरण्याआधी एआयएस उघडून पाहा. आणि तुम्ही स्वतः दिवाळीला गिऱ्हाइकांना वस्तू भेट देत असाल, तर त्या वस्तूंच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. घेतले असेल तर ते परत भरा.

प्रश्न : वडिलांनी २००८ मध्ये १८ लाखांना घेतलेला फ्लॅट मला बक्षीसपत्राने दिला. विकताना खरेदी किंमत शून्य धरायची?

नाही. वडिलांचे १८ लाख हीच तुमची खरेदी किंमत आणि वडिलांकडे फ्लॅट होता तो काळही तुमचाच. म्हणून त्यांच्या मूळ खरेदीखताची प्रत बक्षीसपत्राबरोबरच घेऊन ठेवा. बक्षीसपत्र नोंदणीकृत आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे आहे ना, तेही तपासा. नोटरीच्या कागदावर घर नावावर होत नाही.