सोलापुरात रूट कॅनलसाठी डेंटिस्ट कसा निवडायचा?
सात रस्ता असू दे नाहीतर जुळे सोलापूर, आधी बोर्डावर बीडीएस (दातांच्या डॉक्टरची मूळ पदवी) आहे की एमडीएस (त्यापुढची, एका विषयातल्या तज्ज्ञाची पदवी) ते वाचा. सिमेंट भरायला, क्लीनिंगला बीडीएस भरपूर झालं, पण मागच्या दाढेचं किचकट रूट कॅनल असेल तर एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनलच्या विषयात एमडीएस केलेला डॉक्टर बघा, वाकडी मुळं साफ करायचा त्यांना रोजचा सराव असतो. एक्स-रे न काढताच कोणी चार कॅप सांगायला लागला तर सरळ उठायचं आणि दुसऱ्याकडं दाखवायचं. हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात का बघा, ऑटोक्लेव्हच्या (हत्यारं जंतुमुक्त करायच्या मशीनच्या) वाफेत जाऊन आलं की पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलतो. कॅपचे पैसे त्यातच धरलेत की वेगळे ते आधीच विचारा, इथंच लोकं फसतात. आणि तंबाखूचा मावा खात असाल तर सांगून टाका राव, तोंड उघडल्यावर त्यांना दिसतंच की.