ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन पंक बँडमध्ये बास गिटार वाजवणारी किरा रोसलर बँड सुटल्यावर काय करू लागली?

सिनेमा-टीव्हीचं साउंड एडिटिंग. १९८३ मध्ये बँडचा आधीचा बासवादक चक डुकॉव्हस्की बाहेर पडल्यावर ती आली, १९८५ मध्ये गेली. मधल्या काळात दौरे सांभाळून यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातलं शिक्षणही चालू होतं, आणि पुढे तेच कामी आलं असं मला वाटतं.

ती डायलॉग एडिटर झाली. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'वरही होती. काम किचकट. संवादामागची पंख्याची घरघर, कॉलर माइकवर घासणाऱ्या कपड्याची खरखर काढायची आणि रिकाम्या जागी त्याच खोलीची शांतता, म्हणजे रूम टोन, भरायची. ती भरली नाही तर प्रत्येक कटला मागचा आवाज तुटल्यासारखा वाटतो.

बास मात्र सुटली नाही. बासवादक माइक वॉटबरोबरच्या 'डॉस' या जोडीत दोन बास, बस्स. ड्रम नाही, गिटार नाही.