ॲडमिट न होता दारू सुटते का?

प्रश्न: आमचे हे रोज घेतात, गेली 12 वर्षं. आता सोडायची म्हणतायत पण ॲडमिट व्हायला तयार नाहीत, राजवाड्याजवळ दुकान आहे ते कोण बघणार. ओपीडीत जाऊन होतं का ताई? – एक वाचक, इंदूर

उत्तर: होतं ना, पुष्कळांचं होतं. पण एक ऐका, उद्यापासून एकदम बंद असं घरच्या घरी करू नका, रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या 2 दिवसांत फिट येऊ शकते, हात थरथरतात, भ्रम होतो, म्हणून आधी मानसोपचार ओपीडीत दाखवा. पूर्वी फिट आलेली असेल किंवा लिव्हर खराब असेल तर डॉक्टर ॲडमिटच करतील, तिथे दुकान आडवं आणू नका. नाहीतर काही दिवस गोळ्या, बी-1 व्हिटॅमिन, मग दर आठवड्याला समुपदेशन, हे महिनोन्‌महिने चालतं हं. आणि दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी चहात गुपचूप घालायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच, अजिबात नको, वर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथे तुम्हीसुद्धा बोलू शकता, यांनीच फोन करायला हवा असं नाही.