पाकीट घेतलं, आता मत त्यालाच द्यायचं का?

मी समुपदेशक आहे, निवडणूक जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये एकीची तरी झोप याच प्रश्नाने उडालेली असते, की घरात पैशाचं पाकीट आलंय, आता मत दुसऱ्याला दिलं तर पाप लागेल का. लोक हसत हसत 'लक्ष्मीदर्शन' म्हणतात, पण जिच्या डब्यात ते पाकीट असतं तिला हसू येत नाही. ही गोष्ट २०२४ च्या विधानसभेची, ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदललेत.

ताई चाळिशीच्या, बचत गटाच्या सचिव, माहेर ऊसतोडीचं. २० नोव्हेंबरला मतदान आणि त्याच्या तीन दिवस आधी आल्या. माणशी दोन हजार, चार मतांचे आठ हजार सासूबाईंनी घेतलेले, वर कार्यकर्त्याने सगळ्यांना बेलभंडारा उचलून खंडोबाची शपथ घ्यायला लावलेली. ताईंच्या मनात दुसरा उमेदवार होता, पाण्याच्या प्रश्नावर नीट बोलतो म्हणून, पण त्याच्या मागेही वाळूवाल्यांचा पैसा आहे असं गावात बोललं जायचं. म्हणाल्या, "मॅडम, एक समोरून देतो, दुसऱ्याला मागून कोण देतं ते कळत नाही. मग ज्याचं घेतलं त्याच्याशी तरी इमान राखू ना?"

मी विचारलं, यात मन सगळ्यात जास्त कशाला खातंय? बराच वेळ गप्प बसल्या आणि मग एकदम वडिलांचं सांगायला लागल्या. मुकादमाकडून उचल घ्यायचे, एका वर्षी आई आजारी पडली आणि हंगाम अर्धाच झाला, तर पुढच्या वर्षी दोघांनी आधी ती बाकी फेडली आणि मग घरात नवीन लुगडं आलं. "आमच्यात उचल बुडवत नाहीत मॅडम."

तेव्हा मला कळलं की गाठ कुठे आहे. अशा वेळी सगळे सांगतात, पैसे घ्या आणि मत मनाने द्या. मला तो सल्ला आवडत नाही, कारण ज्या बाईने आयुष्यभर शब्द पाळला तिला तुम्ही खोटं बोलून गप्प बसायला सांगताय, तिचं टेन्शन जात नाही, आत जाऊन बसतं.

गटाची वही त्यांच्या पिशवीतच होती. मी म्हटलं, मागच्या कोऱ्या पानावर ही नोंद करा, जशी गटात करता तशी. तारीख लिहिली, रक्कम लिहिली, आणि 'कशापोटी' इथे पेन थांबलं. "काय लिहू?" मी म्हटलं, वडिलांच्या उचलीपुढे ऊस तोडणं लिहिलं असतं, घामाची आगाऊ मजुरी होती ती, तुमचं मत ही कुणाची मजुरी आहे का? मान हलवली. मग मी कायदाही सांगितला, लपवला नाही, की भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी देणारा आणि घेणारा दोघंही लाचेत येतात. आधी घाबरल्या, मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे हे फेडायचं कर्जच नाही." आणि रडल्या.

भीती मात्र उरली होती, त्यांना कळलं तर? बूथचा आकडा त्यांना कळतो, हे खरं आहे आणि ते मी सांगितलं. पण माणूस कळत नाही, मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिच्यावर तुमचं नाव नसतं आणि ती पेटीत पडते.

दुसऱ्या उमेदवाराचं काय, तर दोघांची प्रतिज्ञापत्रं आम्ही मोबाईलवर उघडली. मालमत्ता, कर्ज, गुन्हे सगळं त्यात असतं, प्रचाराला पैसा कोण देतं ते नसतं, तेवढं तिथे कळणार नाही हेही मी स्पष्ट सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, खर्च किती करता येतो? विधानसभेला ४० लाख. हिशेबी बाई, लगेच वहीत भागाकार केला, दोन हजाराची फक्त दोन हजार पाकिटं बसतात, तीही गाडी मांडव झेंडे काही न करता. "आमच्या एका गावातच तेवढी वाटलीत की!" कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या.

कुणाला मत द्या हे मी सांगितलं नाही, कोणाही समुपदेशकाने सांगू नये. वाळूवाल्यांबद्दल त्याला स्वतःला विचारता येईल का एवढंच म्हटलं. त्या रात्री कोपरा सभेनंतर त्यांनी विचारलंही, तो चिडला नाही पण उत्तर त्यांना पूर्ण पटलं नाही असं नंतर फोनवर म्हणाल्या. मत कुणाला दिलं ते बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

पण आपल्या वाटचे दोन हजार त्यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्याच्या घरी नेऊन दिले. खंडोबाला जाऊन सांगितलं, शपथ मोडतेय, पैसे परत केलेत. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एकदा भाकरी थापता थापता त्यांनीच विचारलं, "त्यानं घेतले का गं परत?"

"घेतले आत्या. दोनदा मोजून."