घाटात कॅम्पर ओढताना डिझेल गाडी तापते, मोठा रेडिएटर बसवावा का?

तुम्ही विचारलंय की साताऱ्याहून कॅम्पर ट्रेलर जोडून गुहागरला जाता, येताना कुंभार्ली घाटात गाडीचा तापमानाचा काटा लालपर्यंत जातो, तर नळ्यांच्या तीन रांगांचा मोठा रेडिएटर बसवून घेऊ का. आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य टाकलंय, "मित्राचं म्हणणं आहे की बायको खालच्या गिअरमध्ये रेस करून चालवते म्हणून तापते." रेडिएटरचं बघू नंतर. मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलेय.

तुमच्या मिसेस बरोबर चालवतायत. त्यांना तसंच चालवू द्या आणि मित्राला मागच्या सीटवर बसवा.

आम्ही सांगलीचे. मे 2017 ला याच घाटात, याच दिशेनं चढताना आमची गाडी उकळली आणि आज इतकी वर्षं झाली तरी घरात लग्न असो बारसं असो, "वहिनींनी घाटात गाडी उकळवली" हा विषय निघतोच. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

गाडी जुनी सात सीटर, अडीच लिटर टर्बो डिझेल. कॅम्पर आम्ही कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडनं करून घेतला होता, एका ॲक्सलचा, आत दोन बेड, छोटा ओटा, शंभर लिटरची पाण्याची टाकी. चांगलाच केला होता त्यांनी, त्याबद्दल काही तक्रार नाही. घाटात गाडी मीच चालवते कारण यांचं मानेचं दुखणं आहे. शिवाय माझं माहेर पलूसकडचं, बारावीत असताना वडिलांच्या ट्रॅक्टरला उसाची भरलेली ट्रॉली लावून मी रानातनं डांबरीवर काढायची, त्यामुळं मागं वजन असलं की गाडी कशी ओढते हे मला कुणी शिकवायला लागत नाही.

जाताना काहीच झालं नाही, उतारच होता. येताना मी म्हणत होते पहाटे पाचला निघूया, ऊन तापायच्या आत घाट चढून जाऊ. पण धाकट्या दिरांना आंब्याच्या पेट्या घ्यायच्या होत्या, मग नाश्ता, मग कुणाचा तरी फोन, असं करत गुहागर सोडायलाच अकरा वाजले. पेट्या कॅम्परमध्ये भरल्या, आणि टाकी पण काठोकाठ भरून घेतली की वाटेत पाणी लागलं तर. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, घरी परत निघालोय, कशाला लागणार होतं? हे मी तेव्हा बोलले नाही, बोलायला पाहिजे होतं.

पोफळी सोडली आणि घाट लागला. मी सेकंडला, तीसच्या स्पीडनं, 2600 आरपीएमला निवांत चढवत होते. एसी चालू, कारण सासूबाई मागं होत्या. काटा पाऊणवर आला होता पण तिथंच टिकून होता. शेजारी भावजी. त्यांचं सुरू झालं, "वहिनी, थर्ड टाका की, गाडी बोंबलतीय नुसती, इंजिन जाईल." दोनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा हे पण मागनं म्हणाले टाक गं थर्ड, आणि मी टाकला. स्पीड तेवढाच राहिला, आरपीएम सोळाशेवर आला, आवाज कमी झाला, सगळ्यांना बरं वाटलं. दोन किलोमीटरच्या आत काटा लालमध्ये आणि बॉनेटच्या फटीतनं वाफ.

आता हे असं का झालं ते मित्राला वाचून दाखवा. आमची गाडी, कॅम्पर, सामान, सहा माणसं मिळून तेहतीसशे किलोच्या आसपास भरत होतं. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला, वर घाटमाथा सहाशे मीटरच्या घरात. तेवढं वजन तेवढं वर न्यायला लागणारी नुसती ऊर्जा मोजली तर साधारण साडेपाच युनिट वीज होते, आपल्या घरच्या मीटरवरची युनिटं. डिझेल जळतं त्यातला ढोबळ मानानं एक तृतीयांश भागच चाकाला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधनं जातो आणि उरलेला जवळजवळ तेवढाच पाण्यातनं रेडिएटरला बाहेर टाकायला लागतो. म्हणजे अर्ध्या तासात साडेपाच युनिटांची उष्णता, दोन किलोवॅटचे पाच-साडेपाच गिझर सलग चालू ठेवल्यासारखं. आणि ही उष्णता स्पीड तोच असेल तर तुम्ही सेकंडला चढा नाहीतर थर्डला, साधारण तेवढीच तयार होणार, कारण काम तेवढंच आहे. फरक पडतो तो बाहेर टाकण्यात. असल्या गाड्यांचा वॉटर पंप आणि फॅन दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावर फिरतात. 2600 ला पाणी पण जोरात फिरतं आणि फॅन पण हवा जोरात ओढतो. सोळाशेला दोन्ही मंदावतात, आणि तीसच्या स्पीडला समोरनं येणारी हवा असून नसल्यासारखी. वर परत इंजिन लोडवर येतं, प्रत्येक स्ट्रोकला जास्त डिझेल ओततं, धूर आणि टर्बो जास्त तापतो. आवाज कमी म्हणजे इंजिनला आराम, हा समज साफ चुकीचा आहे. भरलेली ट्रॉली कोण टॉपमध्ये ओढतं का?

गाडी बाजूला घेतली, कॅम्परच्या चाकांना दगड लावले. पहिलं काम एसी बंद केला. आणि तेवढ्यात भावजी ओला नॅपकिन घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी मनगट धरलं त्यांचं, सगळ्यांसमोर, आणि चांगली ओरडले. त्याचा त्यांना आजपर्यंत राग आहे, पण मी परत तेच करीन. झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर जाऊन पण उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब गेला आणि ते सगळं तोंडावर आणि हातावर येतं. शेजारी पुतण्या उभा होता वाकून, नऊ वर्षांचा.

पन्नास मिनिटं थांबलो. रेडिएटरचा वरचा पाईप हातानं दाबून बघितला, मऊ पडला तेव्हा झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं, सुसकारा संपू दिला, मग काढलं. कॅम्परच्या टाकीतलं पाणी, जे उन्हानं कोमटच होतं, ते थोडं थोडं ओतलं, इंजिन चालू ठेवून. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी कधीच ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागाला, तडा जातो नाहीतर ते वाकतं, आणि मग तुमच्या ट्रिपचा खर्च किरकोळ वाटायला लागेल. उरलेली टाकी तिथंच रिकामी केली. मग एसी बंद, हीटर फुल्ल, ब्लोअर फुल्ल, चारी काचा खाली आणि सेकंड गिअर. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनचंच गरम पाणी त्याच्यातनं फिरतं. मे महिन्यात दुपारी हीटर लावून बसायचं म्हणजे जीव नकोसा होतो, सासूबाईंच्या तोंडावर मी ओला टॉवेल धरायला सांगितला, पण काटा लालमधनं खाली आला आणि कोयनानगरपर्यंत परत वर गेला नाही.

मिरजेत एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी तासाभरात तीन गोष्टी काढल्या. एक, थर्मोस्टॅट व्हॉल, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, जाग्यावरच नव्हता. दोन, व्हिस्कस फॅनच्या क्लचमधलं, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला जोरात फिरवणाऱ्या भागातलं, सिलिकॉन तेल गळून गेलेलं, मधल्या बेअरिंगपासनं काळा चिकट ओघळ आलेला. तीन, एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत उसाच्या पाचटाचा भुगा आणि धूळ बसून नमदा तयार झालेला. समोरनं जाळी बघितली तर स्वच्छ, आतनं बंद. गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या मागं मागं रोज फिरणाऱ्या गाडीचं हे होणारच, साताऱ्याकडं पण तेच.

व्हॉल कुणी काढला? फेब्रुवारीत भावजी गाडी घेऊन गेले होते, काटा जरा वर दिसला म्हणून एका गॅरेजवाल्यानं सांगितलं व्हॉल काढून टाका, पाणी मोकळं फिरंल, आणि यांनी काढायला लावला. घरात कुणाला सांगितलं नाही. वर बोअरचं पाणी भरलं, कुलंट नाही. बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉईल पांढरी होते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत होतं.

व्हॉल काढला की गाडी गार राहते हे आपल्याकडं इतकं मुरलंय की विचारू नका. बऱ्याच इंजिनांत व्हॉल पूर्ण उघडला की त्याचाच दुसरा भाग बायपासची वाट बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडंच जातं. व्हॉलच काढला तर बायपास कायम उघडा, थोडं पाणी रेडिएटर न बघताच परत इंजिनात. रिकाम्या गाडीला हे कळत पण नाही, उलट काटा खाली दिसतो आणि माणूस खूश होतो. लोड आला, घाट आला की उघडं पडतं. (सगळ्या इंजिनांत बायपास असाच असतो असं नाही, तुमच्या गाडीचं मिस्त्रींना विचारा.) आणि डिझेल इंजिन कायम गार चाललं तर डिझेल नीट जळत नाही, झीज पण जास्त होते, म्हणजे कुठल्याच बाजूनं फायदा नाही.

हे सगळं निघाल्यावर घरात काय झालं? काही नाही. "असंल, पण सेकंडला एवढी रेस करायची गरज नव्हती." थर्ड टाकल्यावर उकळली हे सहा माणसांनी बघितलं होतं. 2018 च्या मेमध्ये, नवा व्हॉल, नवा फॅन क्लच, जाळी धुतलेली, अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी घालून मी तोच घाट तोच कॅम्पर लावून सेकंडला चढवला. काटा अर्ध्याच्या वर हलला नाही. भावजी म्हणाले आज ऊन कमी होतं. ऊन कमी नव्हतं, मी त्या दिवशी मुद्दाम दुपारीच निघाले होते.

तर तुमचा रेडिएटर. माझं मत, आत्ता पैसे घालवू नका. आधी कॅम्पर सामान भरून वजनकाट्यावर घाला, उसाचा काटा गावोगाव आहे. आमचा रिकामा 780 होता आणि त्या दिवसासारखा भरून बघितला तर 1060 निघाला, अंदाज सगळ्यांचा आठशे-साडेआठशेचा होता. मग गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायची मर्यादा किती दिलीय ते बघा, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आकडा असतो आणि नसतील तर दुसरा, बराच कमी. त्याच्यावर गेला असाल तर कुठलाच रेडिएटर उपयोगाचा नाही. कॅम्परच्या चाकांचे हब पण थांबल्यावर जवळ हात नेऊन बघा, एक जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरतोय आणि तुमची गाडी फुकटचं ओझं ओढतेय. फॅनचं बघायचं सोपं आहे, इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करायला लावा, फॅन लगेच थांबला तर ठीक, भिरभिरत राहिला तर क्लच गेलाय. चढावर तापल्यावर फॅनचा घोंघावता आवाज यायलाच पाहिजे, तुमचा मित्र ज्याला रेस म्हणतोय त्यात बराचसा तो आवाज असतो. जाळी कंडेन्सर सैल करून इंजिनच्या बाजूनं बाहेर धुवायला सांगा, प्रेशर जवळनं मारू देऊ नका, पत्रे मुडपतात. एवढं करून यवतेश्वरचा घाट आहेच तुमच्या दारात, भरलेला कॅम्पर लावून दुपारी एकदा चढवून बघा. तरीही लालमध्ये गेला तर रेडिएटर उघडून आतनं क्षार साफ करा, आणि मग मोठ्याचा विचार.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. तुमची गाडी नवी असेल आणि फॅन इलेक्ट्रिक असेल तर गिअरचा फायदा फॅनला होत नाही, पंपाला होतो, आणि फॅनच्या रिले-सेन्सरकडं आधी बघा. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं तेल पण तापतं, त्याचा कूलर वेगळा बघायला लागेल, त्यातलं मला फारसं कळत नाही. काटा वर आहे पण पाणी भरलेलं आहे, वाफ नाही, तर थांबल्या थांबल्या इंजिन बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, टर्बो गार होतो. वाफ येत असेल नाहीतर पाणी खाली सांडलं असेल तर मात्र लगेच बंद.

आणि तुमचा काटा लालपर्यंत "जातो" असं लिहिलंय, म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा गेलाय. मग सगळ्यात आधी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली सीलची पट्टी, बघून घ्या. सकाळी गार इंजिनाला झाकण काढून चालू करा, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत का, ऑईलच्या झाकणाला दुधी चिखल लागलाय का, पांढरा गोडसर वासाचा धूर आहे का. असेल तर वरचं सगळं नंतर. नसेल तर काट्यावर वजन किती भरलं ते सांगा, आणि मिसेस कुठल्या गिअरला किती आरपीएमवर चढवतात ते त्यांनाच विचारून लिहा, मित्राला नको.