चेन, चॅन, टॅन: आडनाव एकच का?

प्रश्न: मी बॅडमिंटन खूप बघते. चीनची चेन युफेई आणि मलेशियाचे चॅन पेंग सून, टॅन वी किओंग या तिघांचं आडनाव एकच आहे असं मैत्रीण म्हणते. खरं का? मग स्पेलिंग एवढं वेगळं कसं?

उत्तर: मैत्रीण बरोबर बोलतेय. चिनी लिपीत तिघांचं अक्षर एकच, फक्त वाचणारा बदलला की उच्चार बदलतो, चीनच्या प्रमाणभाषेत म्हणजे मँडरिनमध्ये चेन, हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीत चॅन आणि चीनच्या फुजियान प्रांतातल्या होक्कियन बोलीत टॅन. जी मंडळी पोटापाण्यासाठी मलायात (आजच्या मलेशियात) गेली त्यांची नावं तिथल्या इंग्रजांच्या कारकुनांनी जशी कानावर पडली तशी लिहून टाकली आणि पुढच्या पिढ्यांना तीच चिकटली. चीनने पिनयिन हे रोमन स्पेलिंग 1958 मध्ये ठरवलं, तोवर यांचे कागदपत्र कधीच बनून गेले होते!

आता गंमत बघा. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मलेशियाला डबल्सची दोन सिल्व्हर मिळाली, पुरुषांमध्ये गोह व्ही शेम आणि टॅन वी किओंग, मिक्स्डमध्ये चॅन पेंग सून आणि गोह लिउ यिंग. चिनी लिपीत लिहिलं तर दोन्ही जोड्यांची आडनावं सेम टू सेम. हे गोह चीनमध्ये वू होतात आणि हाँगकाँगमध्ये चक्क एनजी (Ng), म्हणजे स्पेलिंगमध्ये स्वरच नाही, उच्चार साधारण आपल्या ङ् सारखा. पण म्हणून हाँगकाँगचा बॅडमिंटनपटू एनजी का लाँग हा यांचा भाऊबंद समजू नका हं, त्याचं अक्षर वेगळं आहे.

उलटंही होतं. त्याच रिओत सिंगल्सचं गोल्ड जिंकलेला चेन लाँग स्पेलिंगने युफेईचा आडनावबंधू वाटतो, पण तोही नाही, अक्षर निराळं. म्हणून इंग्रजी स्कोअरबोर्डवरून नातं जोडायला जाऊ नये असं माझं मत.

मुळात ही आडनावं आली कुठून, तर बरीचशी जुन्या राज्यांच्या नावांवरून. युफेईचं चेन हे आजच्या हेनान प्रांतातल्या चेन नावाच्या राज्यावरून आलं असं मानतात. काही हुद्द्यांवरून पडली, आपल्याकडे चिटणीस, देशमुख आहेत तशी, उदाहरणार्थ सिमा, हे लष्करी अधिकाऱ्याचं पद होतं. आणि हो, चीनमध्ये बायका लग्नानंतर सहसा आडनाव बदलत नाहीत.