तांबेकर वाड्याच्या शेजारी घर असेल तर

प्रश्न : वडोदऱ्यातील रावपुऱ्यात, तांबेकर वाड्यापासून साठ-सत्तर मीटरवर, आमचे आजोबांच्या काळातील लाकडी घर आहे. छप्पर गळते. स्मारकाजवळ काहीच करता येत नाही, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : पूर्णतः खरे नाही. बडोदा संस्थानाचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा, ज्याच्या भिंतींवरील चित्रे प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी पाहावीत, केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढील आणखी 200 मीटरपर्यंत विनियमित (परवानगीनेच बांधकाम करता येणारे) क्षेत्र असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम किंवा पाडून पुन्हा उभारणी होत नाही. मात्र जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा परवानगीसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, करावा. तो पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवला जातो, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस कळवते आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय देणे सक्षम प्राधिकाऱ्यावर बंधनकारक असते. महानगरपालिकेची परवानगी वेगळी लागते.

आमची कळकळीची विनंती अशी, की कामापूर्वी घराची छायाचित्रे काढून ठेवा, कुजलेला तेवढाच वासा बदला, आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊ नका, कारण त्यामुळे ओल आत कोंडते आणि भिंतीला टेकलेले लाकूडही कुजू लागते.